बांधाकडची आणि विहिरीकडची

कोकिळाबाईंच्या पायांना स्वस्थता माहीतच नव्हती. यावल तालुक्यातल्या त्यांच्या गावाला पोलीस पाटील म्हणून बाई मिळाली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. पण जत्रेचा बंदोबस्त असो की नदीत सापडलेलं बेवारस प्रेत, ठाण्यातल्या गाडीच्या आधी बाई तिथं हजर. नवरा गेल्यावर घरात बसून करायचं काय, या तगमगीतूनच त्यांनी ती परीक्षा दिली होती. परीक्षेला मोटारसायकलवर घेऊन गेला तो धाकटा दीर, प्रेमराज. त्यामुळे त्या दिवशी त्यांच्या जिवाची जी उलघाल झाली, ती आणखी कुणाची झाली नसती.

सकाळीच बोंब उठली की रतिलालच्या नव्या केळीबागेत कुणीतरी नासधूस केली. रतिलालचा आणि प्रेमराजचा बांध एक, आणि विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं वर्षभर वाकडं. गावानं नाव घेऊनही टाकलं. कोकिळाबाईंनी नियमाप्रमाणे आधी ठाण्याला फोन केला, मग दिरासमोर उभ्या राहिल्या. रोपं काढल्याचं प्रेमराजनं नाकारलं नाही.

"वहिनी, त्याच्या बागंत हरण्या घुसला व्हता. रतिलाल ती झाडं काही उपटत नव्हता. मले माही बाग वाचवायची व्हती."

हरण्या म्हणजे केळीच्या पानावर पिवळे पट्टे आणणारा रोग. एका झाडावर आला की मावा कीड तो बागभर नेते. कोकिळाबाईंना हायसं वाटलं. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण प्रशिक्षणात साहेबांनी घोकून घेतलेली गोष्ट तीच राहिली होती: नुसतं नुकसान पाहायचं नाही, हात कोणत्या हेतूनं उचलला ते पाहायचं. मोठं नुकसान टाळायला प्रामाणिकपणे लहान नुकसान केलं, तर कायदा त्याचा विचार करतो. मग दीर सुटणार! चपला पायात सरकवून त्या बागेकडे निघाल्या.

पोलीस येईपर्यंत जागेवर कुणाला फिरकू द्यायचं नाही, हे काम पाटलाचं. त्यांनी बघ्यांना बांधावर थोपवलं आणि एकट्याच कडेकडेनं फिरल्या. प्रेमराजच्या बांधालगतची रोपं कंदासकट उपटून ढीग घातला होता, पानांवर पिवळे पट्टे. बरोबर, रोगट केळ अशीच काढतात, कंद मातीत राहिला तर रोग पुन्हा फुटतो. मग त्या विहिरीकडे वळल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

तिथली रोपं उपटलेली नव्हती. कमरेतून विळ्यानं छाटलेली होती, कंद तसेच जमिनीत. पडलेली पानं हिरवीगार, कुठे पट्टा नाही. रोग काढणारा माणूस झाड असं कापत नाही. असं कापतो तो रागानं.

रतिलाल पलीकडे डोकं धरून बसला होता, त्याचं इकडे लक्षही नव्हतं. इथलं आपण कुणाला दाखवलं नाही, तर बांधाकडचा ढीग पाहूनच सगळे परततील. ज्या माणसानं आपल्याला चुलीपुढून उठवून परीक्षेच्या बाकावर बसवलं, त्याच्या विरुद्ध आपण बोलायचं? त्यांना स्वतःची चीड आली, आणि दिराची त्याहून जास्त.

हवालदार पंडित दोन पंच घेऊन आले. बांधाकडचा ढीग पाहून पंच म्हणाले, सगळी रोगटच दिसतात. पंडित लिहायला लागले आणि सवयीनं विचारलं, "पाटीलबाई, एवढंच ना?"

बांधावर प्रेमराज उभा होता. तो फक्त त्यांच्याकडे पाहत होता.

"नाही साहेब," कोकिळाबाई म्हणाल्या, "विहिरीकडची राहिली."

अटक झाली नाही. प्रेमराजला दुसऱ्या दिवशी जबाबाला यावलच्या ठाण्यात हजर राहायची नोटीस देऊन पोलीस गेले. घरी प्रेमराज ओट्यावर बसून राहिला. कोकिळाबाई आत जायला निघाल्या तसा म्हणाला, "मीच तुम्हाले परीक्षेले नेलं व्हतं."

"नेलं व्हतं, भाऊ. पण घरच्या माणसापुरते डोळे मिटायचे, हे नव्हतं सांगितलं."

त्या रात्री दोघंही जेवले नाहीत. सकाळी प्रेमराजनं मोटारसायकल बाहेर काढली. कोकिळाबाई पदर खोचून फाटकात उभ्याच होत्या. त्यानं गाडी त्यांच्यासमोर थांबवली. त्या मागे बसल्या, आणि दोघं यावलच्या रस्त्याला लागले.