कॉलेजच्या प्रॉक्सीचे पराक्रम

कॉम्प्युटर लॅबमध्ये धूळ आणि किस्से दोन्ही साचतात. धूळ मी रोज पुसतो, किस्से तसेच राहतात. केनवडच्या आमच्या कॉलेजात त्यातले निम्मे एकट्या प्रॉक्सी सर्व्हरचे आहेत.

नेटची लाइन एक, कॉम्प्युटर तीस. म्हणून मी प्रॉक्सी बसवला. पान एकदा नेटवरून आणायचं, प्रत ठेवायची, पुढच्या मागणाऱ्याला तीच द्यायची. हे पोरांना समजावताना मला घाम फुटला. आमचे शिपाई गजाननभाऊ सहज म्हणाले, "एकजण बाजारात जाऊन भाव इचारून येते, सारं गाव त्यालेच इचारते. इतकंच हाये ते."

*

प्राचार्यांना मशीन फार आवडलं. म्हणाले, "गुरुवारी लाइव्ह व्याख्यान हाये. तुमी बुधवारीच साठवून ठेवा."

"सर, ते अजून झालंच नाही."

"मंग मशीन कायले बसवलं?"

*

लाइन वाचवायच्या हौसेपायी मी प्रत्येक प्रतीची मुदत आठवडाभर ठेवली होती. हवामानाचं पान पाहून प्राचार्यांनी पालकसभा मैदानात घेतली. गजाननभाऊ खुर्च्या डोक्यावर घेऊन आत आले. "सर, मशीनमधी ऊन हाये, बाहेर पानी पडून राह्यलं."

*

मेलची पानं मात्र कुलूपबंद येतात, प्रॉक्सी ती नुसती पुढे सरकवतो. एक मॅडम हळूच विचारायला आल्या, "माह्या मेलची प्रत तुमच्याकडं राह्यत नाही ना?"

"अजिबात नाही."

"मंग माही डिलीट झालेली मेल आता कुठून आणू?"

*

गजाननभाऊंची वैष्णवी नर्सिंगच्या निवड यादीची वाट पाहत होती. भाऊ रोज लॅब उघडून ते पान बघत. चार दिवस एकच ओळ, 'यादी लवकरच'. पाचव्या दिवशी म्हणाले, "पोरगी म्हणते, मोबाइलवर नाव आलं. मी म्हनलं, मोबाइलवर कायबी येते. कॉलेजच्या मशीनमधी येऊ दे."

आठवडाभराची मुदत मला तेव्हा आठवली. प्रत पुसली, पान नव्यानं मागवलं. तिसरंच नाव वैष्णवीचं. खाली लिहिलेलं, वाशीमला हजर होण्याची मुदत आज पाचपर्यंत.

चूक माझी होती. भाऊंनी लगेच फोन लावला, "वैष्णवी, कागदं घे, रस्त्यावर येऊन उभी राय." प्राचार्यांनी स्वतःची गाडी काढली. पावणेपाचला कागद टेबलावर पडले आणि सीट मिळाली.

सोमवारी ती होस्टेलला गेली. मंगळवारी लॅब उघडताना भाऊंनी विचारलं, "सर, ते जुनं पान हाये का अजून मशीनमधी?"

"पुसलं की. कशाला हवं होतं?"

"त्यात वैष्णवी घरीच होती."