आबांची टोपी आणि इटलीची तलवारवाली

गेल्या रविवारी माझी भर सभेत शोभा व्हायची, ती थोडक्यात टळली. आठवडा झाला, आता कुठे जीव भांड्यात पडलाय... म्हणून लिहितेय.

मी कॉलेजच्या मुलींना तलवारबाजी शिकवते. स्पर्धेतली तलवारबाजी हो, पांढरा ड्रेस आणि तोंडावर जाळीचा मास्क असतो ती. माझ्या हाताखाली तयार झालेल्या श्रेयाची यंदा बारावीनंतर सांगलीच्या ट्रेनिंग सेंटरला निवड झाली. म्हणजे विश्रामबागेत होस्टेलवर राहायचं, दोन वेळा प्रॅक्टिस आणि मधल्या वेळात कॉलेज.

घरचे सगळे खूश, आजोबा सोडून. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आणि त्यांनी नाही म्हटलं की त्या घरात विषय संपतो. "तोंडावर वार बसला तर पोरीचं लगीन कुठं करायचं?" एवढाच त्यांचा प्रश्न. मी मास्क नेऊन दाखवला, स्वतः घालून दाखवला... काही उपयोग नाही. आणि सोमवारी फॉर्म भरायची शेवटची तारीख.

मग मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. ठरवलं, रविवारी दुपारी सगळ्या पालकांना कॉलनीच्या हॉलमध्ये बोलवायचं आणि तलवार चालवणाऱ्या बाईचा एखादा पिक्चर दाखवायचा. शोधताना एक जुना इटालियन पिक्चर सापडला. बापाला मारणाऱ्यांचा मुलगी तलवारीनं बदला घेते, घोडे, किल्ले, सगळा मसाला. खाली लिहिलेलं, 'कॉमिक्सवर आधारित'.

बस. कॉमिक्स म्हणजे लहान पोरांचं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं की मी पुढे काही वाचलंच नाही. सुरुवातीची दहा मिनिटं पाहिली, मग पुढे पळवत पळवत फक्त मारामाऱ्या पाहिल्या आणि पेनड्राइव्हवर घेतला. इटलीत मोठ्या माणसांसाठी वेगळी कॉमिक्स निघतात आणि हा पिक्चर त्यातलाच, हे मला नंतर कळलं. फार नंतर.

हॉल भरला. आबांना मान म्हणून पंख्याखालची खुर्ची दिली, ती नेमकी प्रोजेक्टरच्या टेबलाला लागून. शेजारी त्यांची सून, म्हणजे श्रेयाची आई. मी लांब दाराशी, उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवत.

पहिला अर्धा तास झकास गेला. नायिकेनं जिन्यावर तिघांना लोळवलं तेव्हा मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, जमलं.

आणि मग नायिका नदीकाठी आली. घोडा बांधला, तलवार बाजूला ठेवली... आणि झग्याच्या नाड्या सोडायला लागली.

लॅपटॉप हॉलच्या दुसऱ्या टोकाला आणि मधे सतरंजीवर सगळी कॉलनी. मी गुडघे, पदर, पर्सेस ओलांडत निघाले. डोळ्यांसमोर श्रेयाचा कोरा फॉर्म. आता पोरगी सांगलीला जात नाही, आणि इथलाही माझा क्लास उद्यापासून बंद.

तेवढ्यात पडदा काळा झाला. लाइट गेले म्हणावं तर पंखा चालू, आवाजही चालू. पाहते तर आबांनी डोक्यावरची टोपी काढून प्रोजेक्टरच्या भिंगापुढे धरलेली. चेहरा एकदम शांत. "आमच्या गावात तंबूतल्या पिक्चरला आपरेटर असाच पुठ्ठा धरायचा," ते सुनेला म्हणाले. हॉलमध्ये हशा पिकला.

मी कशीबशी टेबलाशी पोचले आणि बंद करायला हात घातला. आबांनी मला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या, म्याडम. बापाचा बदला व्हायचा हाय अजून." मग टोपी झटकून डोक्यावर ठेवली. पडद्यावर नायिका कपडे घालून घोड्यावर बसलेली होती.

पण मी आता लॅपटॉपपासून हलले नाही. पुढे नायिका एका खानावळीत शिरली. मालकाशी भाकरीवरून वाद चाललेला, सगळं सोज्वळ. आणि आबांचा हात टोपीकडे गेला. त्यांनी टोपी भिंगापुढे धरली... आणि मग कुठे आतून बायकांच्या खिदळण्याचा आवाज यायला लागला.

मी आबांकडे पाहिलं. आबा पडद्याकडेच पाहत होते, काळ्या.

तिसऱ्या वेळीही तेच. टोपी आधी, प्रसंग नंतर. शेवटी बापाचा बदला झाला, टाळ्या झाल्या, चहा झाला. श्रेयाची आई म्हणाली, पिक्चर छान होता, जरा अंधार जास्त होता.

चपला घालताना मी आबांना हळूच गाठलं. म्हटलं, आबा, तुम्हाला आधीच कसं कळत होतं?

त्यांनी सून लांब आहे ना ते पाहून घेतलं. "पल्टणीत असताना बगितलाय. दोनदा. तवा आमी जवान पोरं, म्याडम. जे बगायचं ते बगितलं. ती बाई तलवार कशी धरती, ते एकानंबी बगितलं न्हाई. आज बगितलं."

मग विचारलं, "आमची श्रेया बी असाच पाय टाकती का वो?"

मी म्हटलं, आबा, ती नटी खोटं खोटं करते. श्रेयाचा पाय तिच्यापेक्षा चांगला पडतो.

"मंग ती हितं कशाला थांबलीया? आना तो फारम."

कपाळाला हात लावून रडावं की हसावं, कळेना... दोन्ही केलं. फॉर्मवर पालकाची सही सुभेदारसाहेबांची आहे, ठळक आणि तिरकी. परवा ते स्वतः श्रेयाला विश्रामबागेत सोडून आले.

माझ्या चुकीवर त्या दिवशी त्यांनी पांघरूण घातलं. घरी काय सांगितलं, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. आबा, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही... आणि तुमचं गुपितही कुणाच्या घरी पोचू देणार नाही. इथे गाव आणि आडनाव लिहिलेलं नाही, श्रेयाचं नावही बदललंय, निश्चिंत असा.