सोनालीची रोजची चूक

१ जून २०२४. साडी-मिलच्या रंगखात्यात माणसे एकेचाळीस. नुसत्या नजरेने रंग जुळवणारा त्यांत एक.

तो एक म्हणजे भिकन आबा. तीस तारखेला ते निवृत्त होणार होते आणि सोनालीची कायम नोकरी त्यांच्या डोक्यात अडकली होती. डिंडोलीतल्या यंत्रमाग कामगाराची ही मुलगी. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी हाती आली तेव्हा ग्रंथपालाच्या जागा निघेनात. मग याच मिलने तिला ‘ज्ञान-व्यवस्थापक’ म्हणून सहा महिन्यांच्या मुदतीवर घेतले. आई प्रमिलाबाई मात्र सांगत, “पोरगी मिलमा लायब्ररी चालाडस.”

“मिलमा पुस्तकं कोन वाचस, बाई?” शेजारीण अनुसया विचारी. प्रश्न बिनतोड होता.

पुस्तक तेथे एकच होते आणि ते तंबाखू मळत बसलेले असे. “तीस तारखेच्या आत आबांचं डोकं कम्प्युटरमध्ये आलं पाहिजे,” मिलचे मालक शेठ म्हणाले, “नाही तर तुला कायम करणार नाही.” सोनालीने विद्यापीठातल्या शिस्तीने बावीस प्रश्नांचा तक्ता केला. पाणी किती वेळात तापवता? “अंदाजानी.” आम्ल किती घालता? “पानी देखीसन.” आठवड्याभरात बावीसही रकाने या दोनच उत्तरांनी भरले.

दहाव्या दिवशी वैतागून तिने आपल्याच समजुतीने एक नोंद लिहिली आणि वाचून दाखवली: “कापड घातले की दाबाच्या बंद यंत्रातले पाणी एकदम एकशे तीस अंशांवर न्यावे.”

आबा ताडकन उठले. “एकदम? सगळ्या साड्यास्ले डाग पडतीन ना, माय! कोनी शिकाडं तुले? लिख, मी सांगस.”

आणि ते सांगू लागले. ऐंशीच्या पुढे मिनिटाला एकच अंश. बोअरचे पाणी खारट झाले की आम्ल जास्त. नमुना ओला पाहायचा नाही. वाफेच्या पाइपवर वाळवून उत्तरेच्या दारात धरायचा.

सोनालीला मर्म सापडले. या खात्यात कोणी कोणाला शिकवत नसे; चूक दिसली की ओरडत, आणि त्या ओरडण्यातूनच कारागीर घडत. ती रोज एक धडधडीत चूक घेऊन येऊ लागली; एका चुकीवरच्या ओरडण्यातून पाच-सहा नोंदी निघत. चहाच्या सुट्टीत ऐकायला गर्दी जमे.

“सोनालीबेन, आज काय चूक लई उनी?” मशीनवरचा गजेंद्र विचारी.

“आज भारी आहे. आबा, आधी पाणी पिऊन घ्या.”

अठ्ठावीस तारखेपर्यंत शहाण्णव नोंदी झाल्या. शेठ खूश झाले, कायम केल्याचे पत्र तयार झाले. सोनालीने आणखी एक रकाना मागितला: हे कोणी सांगितले.

“नाव दिसलं तर दुसरी मिल त्यांना उचलून नेईल,” शेठ म्हणाले.

‘नोंद करणार: सोनाली’ एवढेच राहिले. तिने पत्र घेतले. आबांना शाल आणि नारळ मिळाला.

“आते चुकू नको, माय,” फाटकाशी ते हसून म्हणाले. “दुरुस्त कराले मी नही.”

शहाण्णव नोंदी आज वापरात आहेत. एकीवरही भिकन आबांचे नाव नाही. ते देणे बाकी आहे.