दाऊदचाचांचा काळा मार्कर

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत, ते धुळीसारखे आपोआप साठतात. एका जपानी प्रकाशन कंपनीची आखाती शाखा घ्या. तिच्यात एक मराठी मॅनेजर, रत्नागिरीचे एक चाचा आणि माझ्यासारखी फटकळ मुलगी ठेवा, आणि एसी चालू करा. बस! मैत्रिणींना सांगायला बसले की त्या हसून लोळतात. मीही हसते.

कंपनी प्रचंड मोठी. तोक्योत स्वतःची इमारत. मासिकं, शब्दकोश, मुलांची पुस्तकं आणि सगळ्यांना पोसणारी कॉमिक्स. आमचं ऑफिस म्हणजे बर दुबईत चार टेबलं. गोडाऊन पार उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात. मॅनेजर बापटकाका बाबांचे मित्र. "तुझ्यासाठी मी शब्द टाकलाय, ऋचा," हे आठवड्यातून एकदा ऐकावंच लागतं.

*

दर नव्या वर्षी काका स्टाफला कंपनीचा इतिहास सांगतात. संस्थापक मासेमारीच्या गावातला, भरती-ओहोटीची कोष्टकं छापून विकायचा. मग शाळकरी मुलांचं मासिक काढलं. मग युद्धात छापखाना जळला आणि त्याने रद्दी कागदावर पुन्हा सुरुवात केली! इथे काका खिशातून रुमाल काढतात.

एकदा हे ऐकायला तोक्योहून आमचे साहेब ओकादा-सान हजर होते. गोष्ट संपल्यावर ते हळूच म्हणाले, "बापट-सान, छापखाना युद्धात नाही जळला. संस्थापकांच्या भावाने सिगारेट टाकली होती."

काका एक सेकंदही थांबले नाहीत. "तेच म्हणतोय मी! घरातलं युद्ध!"

*

हा किस्सा माझ्या आधीचा, दाऊदचाचांनी सांगितलेला. चाचा गोडाऊन सांभाळतात, कंपनी इथे आली तेव्हापासून.

जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. पहिली शिपमेंट आली, काकांनी एक खोका फोडला आणि किंचाळले, "सगळं बाइंडिंग उलटं!" शेजारी अरबी वर्तमानपत्र पडलेलं, तेही उजवीकडूनच उघडणारं! चाचा म्हणाले, "साहेब, आमचं कुराणशरीफ पण असंच उघडतं."

"दाऊद, पुस्तकातलं तू मला शिकवू नकोस!"

सगळे खोके 'डिफेक्टिव्ह'चा शिक्का मारून जपानला परत गेले. तिथून तेच खोके पुन्हा आले. सोबत एक चिठ्ठी होती: 'कृपया दुसऱ्या बाजूने उघडून पाहावे.'

*

आता चाचांचं खरं काम. कॉमिक्समध्ये उघडे खांदे, मांड्या, काय काय असतं. ते तसंच दुकानात ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक कॉपीचं प्रत्येक पान उलटायचं आणि काळ्या मार्करने झाकायचं. हे चाचा करतात, स्टीलची पट्टी लावून, कडा एकदम सरळ. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, आणि तीस वर्षं दिवसभर समोर नागड्या बायकांची चित्रं!

"या देशात कुणी बघू नये ते सगळं मी बघितलंय, बाय," ते एकदा मला म्हणाले. "अल्ला माफ करो, ओव्हरटाइममध्ये पण बघितलंय."

त्या खोलीला खिडकी नाही. मार्करच्या वासाने मला दहा मिनिटांत गरगरतं. चाचांना खोकला आहे, तो ते रुमालात दाबतात. एक्झॉस्ट फॅनसाठी मी तीन मेल केले. काका म्हणाले, "दार उघडं ठेव की, दाऊद!" बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री.

घरी हे कुणालाच माहीत नाही. "गावात सांगितलंय, शाळेची पुस्तकं तपासतो," चाचा म्हणाले. "आमच्या निलोफरचं लग्न ठरतंय. होणारे सासरे इमाम आहेत. पोरीचं होईपर्यंत तेवढंच राहू दे."

"लाज कसली त्यात, चाचा? काम आहे ते! अभिमानाने सांगा!"

मी चोवीस वर्षांची होते. मला सगळं कळत होतं.

*

पुस्तक मेळ्याला एक जपानी चित्रकार बाई आल्या. शाळेतल्या एका मुलीने त्यांच्यापुढे आमची कॉपी सहीसाठी धरली. बाई त्या पानाकडे बघतच राहिल्या. चाचांनी नुसतं काळं फासलं नव्हतं. कोटाची कॉलर रेखाटली होती, बाह्यांना दुमड दिली होती, बटणांपुरते पांढरे ठिपके सोडले होते.

दुभाष्यामार्फत त्यांनी विचारलं, "माझ्या नायिकेला इतका सुंदर कोट कुणी शिवला?"

काका पुढे झाले. "मीच! म्हणजे... माझ्या देखरेखीखाली."

बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि स्वतःचा ब्रश काकांना भेट दिला. चाचा मागे खोके उचलत होते.

"काका, खोटं बोलताय!" मी मराठीत ओरडले.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, बेटा," काका हसत हसत म्हणाले.

त्या ब्रशने ते आता कीबोर्ड झाडतात.

*

मग तोक्योचा मेल आला. कॉमिक्स आता सगळी फोनवर, आखातात छापील माल बंद, गोडाऊन रमजाननंतर खाली करायचं. काकांनी बातमी सांगितली ती अशी: "खलास, दाऊद! आता गावी जाऊन आराम कर!" व्हिसा कॅन्सलचा फॉर्म टाइप करून तयारच होता, फक्त सही हवी होती. तीस वर्षं, आणि एक सही!

चाचांनी मला विचारलं, "फोनवर कसं दिसतं, दाखव बघू." मी दाखवलं. तीच कोटवाली नायिका, पण कोट नाही. चाचांनी चटकन तिच्यावर अंगठा ठेवला.

अंगठा घसरला आणि चित्र आणखी मोठं झालं.

*

त्याच सुमाराला कंपनीने स्वतःचा इतिहास छापायला घेतला. जपानी कंपन्यांची ही रीतच. जाडजूड ग्रंथ, परदेशातल्या प्रत्येक शाखेला एक पान, मजकूर जपानी आणि इंग्रजीत. काकांनी आमचं पान लिहिलं. त्यात काकांचे तीन फोटो होते.

मी गुपचूप ओकादा-सानना दुसरं पान पाठवलं. एकच फोटो. चाचा टेबलाशी बसलेत, हातात मार्कर, समोर अर्धवट झाकलेली नायिका. खाली 'दाऊद' एवढं नाव, आणि नावाखाली एक ओळ: 'या माणसाने तीस वर्षं आमच्या नायिकांची उघडी शरीरं स्वतःच्या हाताने झाकली.'

चाचांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले होते, "माझं नाव कशाला, बाय? नको ते."

मला वाटलं, विनय! या पिढीला स्वतःसाठी काही मागताच येत नाही, यावर मी त्यांना वर एक भाषणही दिलं. ते ऐकून घेत मार्करचं टोपण लावत बसले.

तोक्योने माझंच पान निवडलं. काका दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मी जिंकले होते!

*

ग्रंथ छापून झाल्याचा ओकादा-सानचा मेल आला, अतिशय प्रेमळ. कंपनीच्या प्रथेप्रमाणे, इतिहासात ज्यांचं नाव आलं त्यांच्या कायमच्या पत्त्यावर पहिली प्रत सन्मानाने थेट पाठवली आहे. ऑफिसच्या प्रती मागाहून येतील.

कायमचा पत्ता म्हणजे पासपोर्टवरचा. तालुका, जिल्हा रत्नागिरी.

मी ट्रॅकिंग उघडलं. 'डिलिव्हर्ड.'

टॅक्सी करून गोडाऊन गाठलं. चाचा रिकाम्या टेबलाशी बसले होते, फोन समोर उताणा ठेवून.

"आज निलोफरच्या सासरची माणसं आलीत, तारीख ठरवायला," ते म्हणाले. "इमामसाहेब स्वतः. घरात सगळे बसलेले असतानाच कुरिअरवाला आला म्हणे. जपानचा शिक्का बघून कुणीतरी म्हणालं, खोला, खोला. तेवढं शेजाऱ्याने कळवलं. आता बायको फोन उचलत नाही."

"चाचा, मी..."

"बस, बाय. ते स्टूल घे."

मी बसले. ते खोकले, या वेळी रुमाल न लावता. तेवढ्यात काका स्टॉकची यादी घेऊन आले. "काय झालं? कोण गेलं?" मग यादी बाजूला ठेवून तेही एका खोक्यावर टेकले.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. निलोफरचा मेसेज होता. एक फोटो, खाली एक अक्षरही नाही.

आमचंच पान होतं. टेबलावरची नायिका मार्करने पूर्ण काळी केलेली. खालची ओळ पूर्ण काळी. फक्त चाचांचा चेहरा आणि 'दाऊद' हे नाव मोकळं ठेवलेलं.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. काळ्याची एकेक कड, वरून खाली, नेहमीसारखी तपासली.

"पट्टी न घेता केलंय," ते म्हणाले.