कुलूपकाकांची धोक्यांची यादी

मोठ्या रस्त्याला लागून जे दगडी चर्च आहे, त्याच्या मागच्या खोलीत एक माणूस सव्वीस वर्षं बसला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो बसलाच नाही. खोलीत एक खुर्ची होती, पण तिच्यावर रजिस्टरं बसायची. माणूस उभा असायचा. दाराशी, शिडीवर, नाहीतर पाण्याच्या टाकीजवळ. लग्नाची तारीख द्यायची, कबरीची जागा दाखवायची, घंटेचा दोर बदलायचा, ऑर्गनमध्ये शिरलेलं मांजर बाहेर काढायचं, सगळं त्याच्याकडे. कागदावर पद होतं व्यवस्थापक. कमरेला एकेचाळीस किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि कुठला दोरा कुठल्या कुलपाचा हे त्यालाच ठाऊक. म्हणून लोक त्याला कुलूपकाका म्हणत.

अशा माणसाला एक दिवस कमिटीनं कळवलं की आता जमाना बदलला आहे. चर्चच्या व्यवस्थापकांसाठी शहरात तीन दिवसांचं कौशल्यवाढीचं शिबिर आहे. तिथलं प्रमाणपत्र महिनाअखेर आणावं, नाहीतर जागा रिकामी करावी.

जागा रिकामी झाली की तिच्यावर कोण बसणार, हे चर्चच्या पायरीवरच्या कबुतरांनाही माहीत होतं. अध्यक्षसाहेबांचे जावई दोन वर्षं घरीच होते. त्यांच्याकडे प्रमाणपत्रं सात होती आणि काम एकही नव्हतं.

"सातवी शिकलेला माणूस तिथे पास व्हायचा नाही, म्हणूनच पाठवताहेत तुम्हाला," काकांची बायको पिशवीत सदरा ठेवत म्हणाली.

"अगं, शिकवणारे शिकवतील की."

"तुम्हाला? घरात इतकी वर्षं मी शिकवतेय, काय शिकलात?"

शिबिराचा हॉल इतका गार होता की काकांनी पहिल्याच दिवशी कान बांधले. शिकवणाऱ्या बाई चुणचुणीत होत्या. त्यांच्या हातातल्या कांडीतून भिंतीवर लाल ठिपका पडे आणि बावीस चर्चचे बावीस व्यवस्थापक त्या ठिपक्यामागे माना फिरवत. पहिल्या दिवशी बाईंनी दूरदृष्टी शिकवली. दुसऱ्या दिवशी पारदर्शकता. म्हणजे काय, तर आपल्याला जे माहीत आहे ते वरच्यांनाही माहीत असावं. काकांनी वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. बाई म्हणाल्या, "तुमच्या चर्चच्या कामाला कशाकशाचा धोका आहे, त्याची यादी करा. धोका, तो किती वेळा येतो, आणि तुमचा उपाय. ज्याची यादी पोकळ, त्याला प्रमाणपत्र नाही."

काकांनी हात वर केला. "बाई, खरं लिहायचं का?"

"खोट्या यादीइतका मोठा धोका नाही, काका."

झालं. सव्वीस वर्षं तुंबलेलं पाणी, बाईंनी फळी काढली. काका खाली मान घालून लिहू लागले.

धोका: पाळकसाहेबांचा उपदेश लांबतो. किती वेळा: दर रविवारी. उपाय: सव्वा तास झाला की पंखे बंद करतो.

धोका: गाणाऱ्यांतल्या दोन जावा एकमेकींचा सूर खातात. किती वेळा: पहिल्या कडव्यापासून. उपाय: मध्ये बहिरी मावशी बसवतो.

धोका: खुर्च्या. एकशेवीस घेतल्या, सभागृहात त्र्याण्णव. दोन दिवसांसाठी म्हणून नेतात. अध्यक्षसाहेबांच्या गच्चीवर नऊ, खजिनदारांच्या अंगणात अकरा, बाकी सात पंचांकडे एकेक. किती वेळा: प्रत्येक बारशाला. उपाय: तोंड मिटून उभा राहतो, कारण नोकरी त्यांच्याच हातात.

अशी पाच पानं झाली.

संध्याकाळी बाईंचा चेहरा फुलला होता. "अकरा वर्षांत अशी यादी पाहिली नाही," त्या म्हणाल्या आणि प्रमाणपत्र काकांच्या हातात दिलं. "आणि काल शिकलोच आपण, पारदर्शकता. तुमच्या कमिटीच्या प्रत्येक सभासदाला मी ही यादी आत्ताच पाठवली आहे."

त्या गार हॉलमध्ये काकांना घाम फुटला.

घरी आल्यावर बायकोनं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं. सगळं ऐकून म्हणाली, "बरं झालं. नोकरी गेली तर भिंतीला लावायला एवढं तरी आहे."

रविवारी पहाटे काका फाटक उघडायला गेले, तर बाहेर टेम्पो उभा. अध्यक्षसाहेबांचे जावई घामाघूम होऊन खुर्च्या उतरवत होते.

"काका, मामंजी म्हणाले, पाहुणे उठले."

"उठले का? चार वर्षं बसले होते बिचारे."

नंतर खजिनदार आले, त्यांच्यामागून एकेक पंच. कोणी डोक्यावर, कोणी सायकलला बांधून. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे आभाळ पाहत होते, जसं काही पीक उभं आहे आणि ढग यायचे आहेत. उपासना त्या दिवशी बरोबर सव्वा तासात संपली.

मग कमिटीची सभा. अध्यक्षसाहेब लालबुंद होते. "असल्या माणसाला ठेवायचं नाही," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांनाही ते पंख्याचं लागलं होतं, पण माणूस न्यायाचा. "काढू या. मात्र कारण इतिवृत्तात लिहावं लागेल. म्हणजे यादी मोठ्यानं वाचून घ्यावी लागेल. कोण वाचतं?"

कोणी वाचेना. खजिनदारांना खोकला आला. शेवटी अध्यक्षसाहेबच घसा खाकरून म्हणाले, "अट प्रमाणपत्राची होती. ते त्यांनी आणलंय. विषय संपला."

आणि एक ठराव एकमतानं झाला, त्या कमिटीच्या इतिहासातला पहिलाच एकमताचा: व्यवस्थापकांना यापुढे कोणत्याही शिबिराला पाठवू नये.

सगळे गेल्यावर काकांनी सभागृहात खुर्च्या मोजल्या. एकशेबावीस भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी तेवढ्याच. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना. कोणीतरी भीतीपोटी न नेलेल्याही आणून ठेवल्या होत्या. दोन्ही निळ्या, चर्चच्या नव्हेतच. काकांनी फळ्यावर लिहिलं, ज्यांच्या असतील त्यांनी ओळख सांगून न्याव्यात.

अजून कोणी आलेलं नाही. त्यांतल्या एका खुर्चीला काकांनी बेचाळिसावा दोरा बांधला आणि ती मागच्या खोलीत नेली. तिच्यावर रजिस्टरं ठेवत नाहीत.