विसरण्याचे दहा रुपये

१९८६ साली लाखनीच्या जागेश्वर गिऱ्हेपुंजेचा दर एका नावाला तीन रुपये होता. लग्नाची मंगलाष्टकं करून घ्यायची तर कविता फुकट, आणि तिच्यात गुंफलेल्या प्रत्येक नातेवाइकाचे तीन रुपये. वर, वधू आणि दोघांचे आईबाप अशी सहा नावं बिनपैशाची. हा दर ओसरीवरच्या पाटीवर लिहिलेला असे आणि पाटीखाली त्याची बायको चंद्रकला शिवणयंत्र घेऊन बसलेली असे. घासाघीस करायला आलेला माणूस आधी पाटीकडे बघे, मग चंद्रकलेकडे बघे आणि खिशात हात घाली.

ही घडी बसण्यापूर्वी मात्र, १९७७ पर्यंतची नऊ वर्षं, जागेश्वरला दर असा नव्हताच. मंगलाष्टकाच्या एका ओळीत एकोणीस अक्षरं. एक इकडचं तिकडे झालं की गाणारा अडखळतो. त्यामुळे अक्षर कमी पडलं की गड्या मंगरूचा मंगरूजी व्हायचा आणि जास्त झालं की सभापतींचा मान तेवढ्यापुरता कापला जायचा. अशी आठ कडवी जमवायला तीन दिवस लागत. मोबदला एक दुपट्टा, एक नारळ आणि पंगतीत पहिल्या रांगेत पान. नऊ वर्षांत घरात पेटीभर दुपट्टे साठले. चंद्रकलेने त्यांचे पडदे केले, उशांचे अभ्रे केले, गोधडीला अस्तर लावलं. दीड एकर धानात वर्षाचा तांदूळ निघायचा. तेल-मीठ निघायचं ते शिवणयंत्रावर, झंपरामागे दीड रुपया या दराने. तो दर विचारल्याशिवाय कोणी बाई कापड ठेवून जात नसे. जागेश्वरला मात्र कोणी कधी दर विचारला नव्हता.

विचारला तो पोस्टातल्या आनंदराव मेश्रामांनी, १९७७ च्या दिवाळीनंतर. पोस्टमास्तरांची बदली झाली होती आणि कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून मानपत्र द्यायचं ठरवलं होतं. वर्गणीचा हिशेब आनंदरावांकडे होता.

"दर काय आपला?" त्यांनी विचारलं.

"तुमची मर्जी जी," जागेश्वर लाजून म्हणाला.

"मर्जी रजिस्टरात लिहिता येत नाही. आकडा सांगा, पावती द्या."

जागेश्वरने डोळे मिटून पाच रुपये म्हटलं. आनंदरावांनी घासाघीस न करता पाचाची नोट काढून दिली. त्याबरोबर जागेश्वरचं तोंड उतरलं. दहा म्हणालो असतो तर दहाही दिले असते, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

चंद्रकलेने ती नोट पाहिली आणि अट घातली. तिचा थोरला भाऊ घनश्याम लाखनीतच धानाची मिल चालवत होता. त्याच्या मुनीमजींना दिसेनासं झालं होतं आणि महिना एकशे वीस रुपयांवर ती गादी तो जागेश्वरला द्यायला तयार होता. जागेश्वर नुसता मिलवरून गेला तरी त्याला कोंड्याच्या धुळीने शिंका यायच्या. तिथे दिवसभर बसून पोती लिहायची, म्हणजे अक्षरं कायमची सुटली, हे त्याला कळत होतं.

"तुळशीच्या लग्नापासून अक्षय तृतीयेपर्यंत सहा महिने," चंद्रकला म्हणाली. "मुनीमजीचा सहा महिन्यांचा पगार सातशे वीस. तेवढे कवितेनं आणले तं घरी बसा. नाही आणले तं भावाच्या गादीवर बसा."

जागेश्वरने पाच रुपये दर लावला आणि तालुक्यात खळबळ उडाली. "पाच रुपये कायचे? कागद मी आणून देतो ना!" एकाने सुनावलं. दुसरा म्हणाला, "रोवणीची बाई दिवसभर चिखलात वाकून राहते, तिले तीन रुपये. अन् तू सावलीत बसून पाच मागतं?" तिसऱ्याने आठऐवजी चारच कडवी अडीच रुपयांत मागितली. चौथा तर मोठ्या मुलीच्या लग्नातला जुनाच कागद घेऊन आला. "यातला जवाई तेवढा बदलून दे. बाकी कविता चांगली आहे, धकते अजून."

महिन्यात पस्तीस रुपये जमले. घनश्यामने गादीला नवी खोळ शिवायला बहिणीकडेच पाठवली.

शहापूरच्या एका लग्नात जागेश्वर मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. पहिलं कडवं गणपतीचं झालं, तेव्हा लोक वरणाच्या वासाकडे नाक लावून होते. दुसऱ्यात वधूच्या गुणांचं वर्णन होतं. त्यावर त्याने पूर्ण दोन दिवस घातले होते. तेव्हा पहिल्या रांगेतल्या सरपंचांनी जांभई दिली. तिसऱ्यात वधूच्या आजोबांचं नाव आलं आणि कानाने ठार बहिरा असलेला तो म्हातारा टोपी सरळ करून ताठ बसला! पुढे एकेक नाव येत गेलं तसतशी एकेक मान वर होत गेली, आणि नाव होऊन गेलं की पुन्हा वरणाकडे वळली.

त्या दिवशी घरी आल्या आल्या जागेश्वरने पाटी रंगवली. 'काव्य मोफत. नाव आठ आणे.'

मग मात्र लोक आले. कवितेला पाच रुपये देताना ज्यांच्या पोटात दुखत होतं, ते तीस नावांचे पंधरा रुपये आनंदाने देऊ लागले, आणि वर कविता फुकट मिळाली म्हणून आभार मानू लागले. खर्च वाचवायला बापाने यादीतून चुलत-मावस कापले, तर ते चुलत-मावस मागच्या दाराने येऊन आपापले आठ आणे स्वतः भरून जात. बापूरावाच्या आधी आपलं नाव आलं पाहिजे, यासाठी एकाने बारा आणे दिले. बापूरावाने रुपया दिला.

माघात कोंढ्याचे केशवराव आले. मोठे शेतकरी, मुलीचं लग्न, यादी बावन्न नावांची. पैसे मोजून झाले तरी ते उठेनात.

"एक नाव आहे," ते हळूच म्हणाले. "माझा साळा, इश्वर. पाण्याच्या इंजिनावरून आमचं फाटलं. त्याचं नाव टाकलं तं मी मंडपात पाय ठेवत नाही. नाही टाकलं तं बायको घरात पाय ठेवू देत नाही."

"मंग काय करावं जी?"

"तू विसर ना. कवी लोक विसरतातच."

"अन् शिव्या?"

"तुलेच पडतीन. म्हणून तं तुले सांगून राहिलो. हे घे, याचेही आठ आणे."

जागेश्वरने ते आठ आणे परत सरकवले. "आठ आण्यात फक्त नाव घेतो मी. विसराचे दहा रुपये."

केशवरावांनी 'हे तर लुटणं झालं' असा चेहरा केला आणि दहाची नोट काढली. जागेश्वरने घासाघिशीची तयारी ठेवली होती, ती वायाच गेली.

कोंढ्याच्या मंडपात इश्वरने कवीची कॉलर धरली. केशवरावांनी मध्ये पडून "जाऊ दे, कवी माणूस आहे, विसरला बिचारा," असं म्हणत मोठ्या मनाने सोडवलं. सदऱ्याची दोन बटणं गेली. चंद्रकलेने नवी लावून दिली आणि दहातून त्यांचे पैसे वजा केले.

ही बातमी ज्यांना समजायला हवी होती त्यांना बरोबर समजली. प्रत्येक घरात एक तरी माणूस असतोच, ज्याला बोलवायचं तर असतं पण मोजायचं नसतं. हंगामात बावीस माणसं अशी विसरली गेली. ज्याच्याइतकी नातीगोती तालुक्यात कोणाला पाठ नव्हती, तो जागेश्वर विसरभोळा म्हणून नावाजला. लोक त्याला पारावर थांबवून म्हणत, "कविराज, पायात वहाण घातली का? नाही, विसरले असाल!" तोही खाली वाकून पाय बघायचा. दहा रुपयांत तेवढं करावंच लागे.

अक्षय तृतीया आठवड्यावर आली तेव्हा डब्यात सहाशे बहात्तर रुपये होते. अठ्ठेचाळीस कमी. आणि शेवटचं लग्न होतं अक्षय तृतीयेच्याच गोरज मुहूर्तावर, खुद्द घनश्यामच्या मुलीचं.

घनश्याम एक्केचाळीस नावांची यादी घेऊन आला.

"घरचं काम आहे, जवाईबापू. मन लावून करजो."

"साडेवीस रुपये होतात, भाऊ," जागेश्वर चाचरत म्हणाला.

घनश्याम मांडीवर थाप मारून हसला. "आत्याच्या नवऱ्यानं भाचीच्या बापाले बिल देल्लं म्हणावं! अरे, पुढच्या आठवड्यापासून महिन्याचे एकशे वीस मी तुले देऊन राहिलो." मग आवाज खाली आला. "अन् भोजराजले विसरजो. पत्रिका धाडली आहे, लोकाले सांगाले होते. पण नाव नोको."

भोजराज म्हणजे घनश्यामचा आणि चंद्रकलेचा धाकटा भाऊ. मिलमधला हिस्सा मागितला म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला शहापूरची वाट दाखवली होती. चंद्रकलेचं यंत्र थांबलं. ती सुईत दोरा ओवत राहिली. दोरा सुईत होताच.

"विसराचे दहा रुपये, भाऊ," जागेश्वर म्हणाला.

"घरच्याकूनही?"

"घरच्याच्याच शिव्या जास्त लागतात."

"नाही देत जा!"

"पैसे नाही भेटले तं मले आठवते, भाऊ."

ही थट्टा घनश्यामला इतकी आवडली की बाहेर पडेपर्यंत तो हसत होता.

लग्न मिलच्या पटांगणात होतं. जागेश्वर स्वतः गायला उभा राहिला. सदऱ्याच्या डाव्या खिशात भोजराजचं नाव असलेला कागद, उजव्या खिशात नसलेला. माणूस व्यवस्थित होता. पहिली पाच कडवी दोन्हीकडे सारखीच होती, ती त्याने तोंडपाठ म्हटली. सहावं कडवं काकांचं. ते सुरू करण्यापूर्वी त्याची नजर मागे गेली. कोंड्याच्या ढिगाजवळ, मंडपाच्या बाहेर, भोजराज हातात घडी घातलेलं लुगडं घेऊन उभा होता. आत यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

घनश्यामने ती नजर पाहिली आणि आठवड्यापूर्वीची थट्टा त्याला एकदम समजली. त्याने अंतरपाटाच्या आडून एक बोट वर केलं.

जागेश्वरने 'सावधान' लांबवलं. लोकांनी अक्षता टाकल्या. सूर संपेना म्हणून आणखी टाकल्या. घनश्यामने दोन बोटं केली. जागेश्वरने पाचवं कडवं पुन्हा सुरुवातीपासून धरलं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरू लागले. भटजी घड्याळाकडे बघू लागले. घनश्यामने तीन बोटं केली, मग घाम पुसला आणि सगळा पंजा उघडला. पन्नास रुपये!

सहाशे बहात्तर आणि पन्नास, सातशे बावीस. गादीतून सुटका, वर दोन रुपये नफा. जागेश्वरचा हात उजव्या खिशाकडे गेला. त्याने एकदा चंद्रकलेकडे पाहिलं. ती नवरीच्या मागे उभी होती. नवऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. अक्षता मुठीत धरून ती कोंड्याच्या ढिगाकडे बघत होती.

जागेश्वरने डाव्या खिशातला कागद काढला. सगळ्या काकांच्या आधी त्याने भोजराजचं नाव घेतलं, आणि चालीवर इतकं घोळवून घेतलं की जांभई देणारेही वळून बघू लागले. भोजराज आत आला. चंद्रकलेने आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता त्याच्या हातात ओतल्या. घनश्याम पाहुण्यांकडे बघून हसत राहिला. वधूपित्याला त्या वेळी दुसरं काही करता येत नाही.

पंगती उठल्यावर त्याने जागेश्वरला गाठलं. "उद्यापासून मिलच्या फाटकात दिसू नोको! गादीवर मी दुसरा माणूस बसवतो."

जागेश्वर खाली मान घालून ऐकत होता. पन्नास रुपये गेले याचंच दुःख त्याला इतकं होतं की या वाक्याचा अर्थ लागायला त्याला घराजवळच्या हायवेपर्यंत चालावं लागलं. तिथे तो थांबला, दोन ट्रक जाऊ दिले आणि बायकोला म्हणाला, "अवो, गादीच गेली!"

"मले ऐकू आलं," चंद्रकला म्हणाली. "अठ्ठेचाळीस कमी पडले, तेही माहीत आहे. आता अट पाळाची तं कोणाच्या गादीवर? पण उद्यापासून दर मी सांगीन. तुम्ही आत बसून अक्षरं मोजाची."

विसरण्याचा धंदा त्या दिवसापासून बसला. ऐन मंडपात ज्याला आठवतं त्याच्यावर दहा रुपये कोण लावणार? तोटा मोठा होता. चंद्रकलेने पुढच्या तुळशीच्या लग्नापासून नावाचा दर रुपया केला तेव्हा कुठे तो थोडा भरून निघाला.

लग्नानंतर चौथ्या दिवशी भोजराज शहापूरहून सायकलने आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाई, माझ्या नावाचे किती झाले?"

आतून जागेश्वरचा आवाज आला, "अगा भोजराजभाऊ, घरच्या माणसाकून कायचे..."

"आठ आणे," चंद्रकला म्हणाली.

भोजराजने यंत्राच्या फळीवर रुपया ठेवला. तिने खण उघडला आणि आठ आणे मोजून भावाला परत दिले.