एका घर नंबरात दोन चुली

"म्याडम, तुमच्या लिस्टीत आमची योगिता नाय," सुनंदाताई फोनवर म्हणाली.

बुधवारची सकाळ होती. मुरबाडच्या ऑफिसात मी नुकतीच लिस्ट मेल करून चहाचा कप हातात घेतला होता. सुनंदाताई ही धसईच्या पुढच्या एका गावची आशाताई. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. कोण गरोदर, कोणाच्या पोराची लस राहिली, कोणाला बीपीची गोळी चालू आहे, हे सगळं तिला तोंडपाठ. ते ती मोबाइलवरच्या आमच्या फॉर्ममध्ये भरते आणि तो फॉर्म माझ्याकडे येतो.

मी तिला समजावणीच्या सुरात सांगितलं की फॉर्म भरला असेल, पण सबमिट दाबायचं राहिलं असेल. होतं असं.

"दाबलंय. हिरवी टिक आली, मी सोता बघितली."

मग नेटवर्क गेलं असेल, मी म्हणाले. तिने एक सुस्कारा टाकला. गावात रेंज कुठल्या दगडावर येते ते तिला माहीत आहे आणि ती त्याच दगडावर उभी राहून फॉर्म पाठवते, असं तिने मला ऐकवलं. मी बघते म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला बघण्यासारखं काही वाटत नव्हतं. अठरा वर्षं मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये काढून मी गावी परत आले आहे. माझा कोड चुकत नाही असा माझा समज होता, आणि तो मी लपवतही नसे.

ती लिस्ट कसली होती ते सांगते. आमची संस्था शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आरोग्याच्या माहितीचं काम करते. पावसाळ्यात काही गावांचा रस्ता तुटतो. ओढ्यावर फरशी असते, म्हणजे ठेंगणा पूल, आणि जुलैत पाणी तिच्यावरून जातं. पलीकडच्या गावात कोणाला कळा सुरू झाल्या तर गाडी अलीकडे आणि बाई पलीकडे. मागच्या पावसात एक बाई अर्ध्या वाटेतच बाळंत झाली होती. म्हणून यंदा ठरलं की जुलै ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्या बायकांना आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवायचं. शुक्रवारपासून गाड्या निघणार होत्या. गाडी कोणाच्या दारात जाणार ते माझी लिस्ट ठरवणार होती.

योगिताची तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. आधीचं बाळंतपण सिझरचं. अशा बाईला घरी कळा देत बसणं म्हणजे जिवाशी खेळ, हे मला डॉक्टर नसूनही कळत होतं.

आमचे साहेब, नाईक सर, ठाण्यात बसतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, एवढंच ना, एक नाव हाताने टाक आणि लिस्ट परत पाठव.

"सर, नाव का गेलं ते कळल्याशिवाय बाकीची लिस्ट बरोबर आहे असं मी कशी म्हणू?"

"शहापूरचा डेटा टॅली झाला होता ना? कोड तोच आहे ना?"

"तोच आहे."

"मग कोडमध्ये चूक नाही. भरणाऱ्यांची आहे. वंदना, शुक्रवार लांब नाही."

मलाही आतून तेच वाटत होतं. पण हाताने नाव घुसवायचं माझ्या जिवावर येतं. हिशेबाचं पान फाडून नवं चिकटवल्यासारखं वाटतं ते. मी उद्या संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला.

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका. आशाताईंनी भरलेला प्रत्येक फॉर्म माझ्याकडे जेसन नावाच्या प्रकारात येतो. जेसन म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहायची एक पद्धत: आधी नाव, मग त्याच्यासमोर माहिती, आणि भोवती महिरपी कंस. माझा पायथनमधला प्रोग्राम हे सगळे फॉर्म वाचतो आणि एका मोठ्या डिक्शनरीत लावतो. पायथनच्या डिक्शनरीत शब्दार्थ नसतात. एक की द्यायची, म्हणजे ओळखीची खूण, आणि तिच्याखाली काय हवं ते ठेवायचं. तिच्या आत आणखी डिक्शनरी ठेवता येते, तिच्या आत आणखी एक. डब्यात डबा. याला नेस्टेड म्हणतात. माझ्याकडे तालुक्याच्या डब्यात गाव, गावाच्या डब्यात घर नंबर आणि घर नंबराच्या डब्यात कुटुंब अशी रचना होती. दिसायला देखणी होती, अजूनही वाटतं.

पहिलं काम मोजणीचं केलं. आलेले फॉर्म किती आणि डिक्शनरीत बसलेली कुटुंबं किती. शहापूरला दोन्ही आकडे सारखे. मुरबाडला एकोणीसचा फरक.

एकोणीस! एका योगिताची गोष्टच नव्हती ती. चहा तसाच गार झाला.

मग योगिताचा मूळ फॉर्म शोधला. सापडला. हिरव्या टिकेबद्दल सुनंदाताई शंभर टक्के खरं बोलत होती. घर नंबर तेवीस. मग डिक्शनरीत त्या गावाचा तेवीस नंबर उघडला, तर तिथे भलतंच कुटुंब. रेश्मा नावाची बाई, तीही गरोदर, तारीख सप्टेंबरमधली. तिचा फॉर्म योगिताच्या फॉर्मनंतर वीस मिनिटांनी आला होता.

डिक्शनरीचा नियम असा की एका कीखाली एकच गोष्ट राहते. त्याच कीवर दुसरी ठेवली की पहिली जाते. पायथन त्याबद्दल हूं की चूं करत नाही. मी ही सोय मुद्दाम वापरली होती. काही आशाताई घाईत दोनदा सबमिट दाबतात, तेव्हा नवा फॉर्म जुन्याची जागा घेतो आणि कुटुंब दोनदा मोजलं जात नाही. म्हणजे इथे रेश्माच्या फॉर्मने योगिताला पुसलं होतं, आणि कारण उघड होतं: ताईने दोन घरांना एकच नंबर टाकला होता.

चूक दुसऱ्याची निघाली की मला जरा जास्तच हुशारी येते. मी फोन लावला आणि तिला चांगलं सुनावलं. घर नंबर नीट बघून टाकायला काय होतं, तुमच्या घाईपायी एक बाई लिस्टमधून गेली, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दोन घरां नायत म्याडम. येकच घर हाय. तुमी येऊन बघा."

दुपारी स्कूटी काढली. धसई मागे टाकून पुढे फरशी ओलांडली. तिच्याखाली तेव्हा ओंजळभर पाणी होतं. सुनंदाताई रस्त्यावरच उभी होती. तिने मला एका लांबलचक कौलारू घरासमोर नेलं. दारावर ग्रामपंचायतीची पत्र्याची पाटी, तेवीस नंबर. ओटीवर म्हातारी सासू तांदूळ निवडत बसली होती. पुढच्या खोलीतल्या चुलीवर रेश्मा भाकऱ्या थापत होती. ताई मला घराला वळसा घालून मागच्या दाराशी घेऊन गेली. तिथे दुसरी चूल. तिच्यापाशी भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून योगिता बसली होती. पायांवर सूज होती.

दोघी सख्ख्या जावा. छप्पर एक, ओटी एक, सासू एक. भाऊ दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले ते फक्त चुलीपुरते. पंचायतीच्या दप्तरात घर एकच, म्हणून नंबर एकच.

अहो, मी याच मातीतली. माझ्या दोन्ही चुलत्यांच्या चुली एकाच घरात वेगळ्या आहेत. आमच्याकडे लग्नाची पत्रिका घेऊन गेलं तर घरं मोजत नाहीत, चुली मोजतात. अख्ख्या घराला बोलावलं आणि वेगळी चूल विसरली, तर ते चुलते मांडवात यायचे नाहीत आणि पुढे तीन पिढ्या ते बोलून दाखवतील. हे सगळं मला माहीत होतं आणि फॉर्म बनवताना यातलं एकही मला आठवलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी सुनंदाताईची माफी मागितली. मघाशी फोनवर बोलले ते चुकलं, असं सरळ म्हणाले. ती हसली.

"आमच्या शेंबड्या पोराला पन ठावं हाय गो हे. तुमच्या काम्पुटरला कुनी सांगितलंच नसंल."

योगिताने एकच विचारलं, "मंग माझी गाडी येल ना?"

"येईल," मी म्हणाले. शुक्रवारी सकाळी, पहिल्या फेरीत.

ऑफिसात परत आल्यावर एक प्रश्न डोकं खात होता. वेगळ्या चुली काय फक्त मुरबाडात असतात? शहापूरला हीच रीत आहे. मग तिथे आकडे कसे जुळले? मी शहापूरचे मूळ फॉर्म उघडून बसले. आटगावच्या बाजूच्या गावांत घर नंबराच्या रकान्यात लिहिलेलं दिसलं: ४१ पुढची चूल, ४१ मागची चूल. कोणी लिहिलं होतं १२ थोरला, १२ धाकटा. त्या आशाताईंना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, आणि त्यामुळे माझ्या प्रत्येक कीखाली एकच कुटुंब आलं.

आणि मी काय केलं होतं? शहापूरचं काम झाल्यावर नंबराच्या रकान्यात अक्षरं बघून माझं डोकं फिरलं होतं. नंबर म्हणजे नंबर, असं म्हणून मुरबाडच्या फॉर्ममध्ये मी तो रकाना फक्त आकड्यांसाठी लॉक केला होता. मीटिंगमध्ये ही सुधारणा म्हणून सांगितली होती आणि सरांनी शाबासकी दिली होती. माझ्या रचनेतलं भोक त्या बायकांनी बुजवलं होतं आणि मी ते पुन्हा उकरून काढलं होतं. स्वतःचा एवढा राग मला क्वचित आला असेल.

गुरुवारी सकाळी कामाला बसले. दुरुस्ती अवघड नव्हती. डब्यात आणखी एक डबा वाढवला. तालुका, गाव, घर, चूल आणि मग कुटुंब. चुलीची की म्हणून कुटुंबप्रमुखाचं नाव घेतलं, ते फॉर्ममध्ये आधीपासूनच होतं. घर नंबर तोच आणि प्रमुखही तोच असेल, तरच नवा फॉर्म जुन्याची जागा घेणार. दोनदा दाबणाऱ्यांची सोय राहिली आणि जावांची भांडणं मिटली.

प्रोग्राम चालवला तर लगेच कीएरर. हवी ती की सापडली नाही की पायथन असा ओरडतो. पुढचा कोड घराच्या डब्यात थेट माणसं शोधत होता आणि आता तिथे चुली होत्या. अशा चार जागा निघाल्या. बाबा रे, हेच काल ओरडला असतास तर, असं मी स्क्रीनला म्हणालेसुद्धा. दुपारपर्यंत चारही जागा सुधारल्या.

हरवलेल्या एकोणीस फॉर्मपैकी सहा खरोखरच दोनदा दाबलेले होते. तेरा वेगळ्या चुली होत्या. त्या तेरांत जुलै ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्या तिघी निघाल्या. एक योगिता. बाकी दोघींची नावं मी पहिल्यांदाच वाचत होते.

नवी लिस्ट पाठवून सरांना फोन केला. शाबासकी मिळालेली ती सुधारणाच मुळावर आली, हेही सांगून टाकलं. ते म्हणाले की रिपोर्टमध्ये हे सगळं लिही, मीटिंगमध्ये मी शाबासकी दिली होती तेही लिही. माणूस कडक आहे, पण खोटा नाही.

शुक्रवारी पहिल्या फेरीत योगिता आली. जुलैत तिचं सिझर झालं, मुलगी झाली. सुनंदाताईचा फोन आला, तेव्हा मी तिला म्हटलं की थोडक्यात वाचलो. ती म्हणाली, कसलं वाचलो, तुमच्या लिस्टीत नाव असतं नसतं, मी तिला खांद्यावर घालून आणली असती. आणि तिने आणलीच असती, यात मला शंका नाही.

उरलेल्या दोघींपैकी एकीच्या गावात आशाताईची जागा कित्येक महिने रिकामी आहे. तिचा फॉर्म शेजारच्या गावच्या ताईने एका फेरीत भरला होता. पुन्हा तिच्याकडे कोणी गेलं नव्हतं. तीही गाडीने आली, ऑगस्टमध्ये फरशीवरून दोन दिवस पाणी वाहत होतं तेव्हा बाळंत झाली. रक्त खूप गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. दवाखान्यात होती म्हणून चढवता आल्या. मायलेक घरी गेले.

तिला मी भेटलेले नाही. नाव हाताने टाकून लिस्ट पाठवली असती तर योगिता आली असती, कारण तिच्यासाठी भांडायला कोणीतरी होतं. या बाईसाठी कोणाचाही फोन आला नव्हता. तिच्या बाजूने बोलणारा फक्त तो न जुळणारा आकडा होता. आता माझा प्रोग्राम आलेले फॉर्म आणि बसलेल्या चुली आधी मोजतो, फरकातला एकेक फॉर्म दाखवतो, आणि त्याचं कारण लिहिल्याशिवाय लिस्ट काढतच नाही.